मूळ गाव कोणते? पवित्र शास्त्रातील आडगावांकडे जाताना

बूढापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरात नवा पाहुणा आला की चहाच्या आधी एक प्रश्न येतो : तुमचे मूळ गाव कोणते? उत्तर देणाऱ्याचा जन्म रायपूरचा असतो, वडिलांचाही इथलाच. भोसल्यांच्या अमलात नागपूरकडून छत्तीसगडात आलेल्या घराण्यांच्या तर कित्येक पिढ्या याच मातीत गेल्या. तरी उत्तरात नाव येते ते साताऱ्याकडच्या, वऱ्हाडातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या खेड्याचे, जे सांगणाऱ्यानेही बहुधा पाहिलेले नसते. विचारणाऱ्याला ते नकाशावर दाखवता यायचे नाही. पण नाव कानावर पडले की तो मान डोलावतो, आणि पाहुणा परका राहत नाही.

ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांतील अल्पपरिचित स्थळांवरच्या या लेखांची प्रस्तावना मला त्याच प्रश्नापासून सुरू करावीशी वाटते, कारण हे ग्रंथही माणसाची ओळख त्याच्या गावावरून करून देतात. एलीया तिश्बेचा, आमोस तकोवाचा, यिर्मया अनाथोथचा, मीखा मोरेशेथचा, योसेफ अरिमथाईचा, मरीया मग्दालाची. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या नावापुढचे 'इस्कर्योत' हेही अनेक अभ्यासकांच्या मते 'करियोथचा माणूस' या अर्थाचे आहे. मराठीत आपण त्याला करियोथकर म्हटले असते. यरुशलेम, बेथलेहेम, सीनाय ही नावे ज्यांनी ग्रंथ उघडलेलाही नाही त्यांनाही ठाऊक असतात. तिश्बे आणि तकोवा मात्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून निघून जातात. या लेखांत आपण मुद्दाम त्यांच्यापाशी थांबणार आहोत. माझी अशी खात्री झाली आहे की या ग्रंथांत नव्याने शिरणाऱ्या वाचकाने राजधानीच्या वेशीतून न जाता आडगावाच्या पायवाटेने जावे. मराठी वाचकाला ती पायवाट अनोळखी वाटणार नाही.

स्थळांची नावे कशी टिकतात आणि कशी बदलतात हे पाहायला मला घरापासून फार लांब जावे लागत नाही. आमच्या पाऱ्याचे नाव बूढा तलावावरून पडले, आणि तलावाचे नाव लोक बूढादेवाशी जोडतात. १८७७ ते १८७९ या काळात नरेंद्रनाथ दत्त नावाचा बंगाली मुलगा आईवडिलांबरोबर याच भागात राहिला. पुढे तो स्वामी विवेकानंद झाला, आणि आता तलावाचे अधिकृत नाव विवेकानंद सरोवर आहे. रिक्षावाल्याला मात्र बूढा तालाब असेच सांगावे लागते. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब दगड उशाला घेऊन ज्या जागी झोपला, तिला त्याने बेथेल म्हटले. बेथेल म्हणजे देवाचे घर. पण ग्रंथ तिथेच सांगून ठेवतो की त्या नगराचे आधीचे नाव लूज होते. हेब्रोनचा उल्लेख करताना तो किर्याथ-आर्बाची आठवण देतो, दानचा करताना लईशची. नवे नाव आले म्हणून जुने पुसून टाकायचे नाही, ही लिहिणाऱ्याची रीत आहे. बेथेलचे नाव तर पुढे कोकणापर्यंत आले. पनवेल आणि रेवदंडा इथल्या सिनेगॉगांची नावे बेथ एल अशीच आहेत.

या नावांशी मराठीचा संबंध आजकालचा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले, तेव्हाच ही गावे ओवीत बसली होती. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा हिब्रू आणि मराठीत छापला गेला. केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. ते १९२४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या हयात नव्हत्या. एवढ्या हातांतून गेलेली ही नावे आता आपल्या भाषेचीच म्हटली पाहिजेत. यार्देन, यरीहो, कफर्णहूम ही रूपे मराठी तोंडात घडलेली आहेत.

छत्तीसगडाच्या वाटेवरची एक गोष्ट तर मराठी साहित्याच्या वाचकाला पाठच असेल. रायपूरच्या पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर राजनांदगाव आहे. तिथल्या नोकरीसाठी नागपूरहून निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. ती वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे त्या घराची सगळी ओढाताण आपल्याला ठाऊक आहे. पण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही ते हे की ज्या डोंगराने टिळकांचे आयुष्य बदलले, त्याला ग्रंथात नावच नाही. मत्तय नुसते डोंगरावर चढल्याचे सांगतो. लूक तशाच प्रवचनासाठी सपाट जागा सांगतो. गालील सरोवराच्या वायव्य काठावरची एक टेकडी परंपरेने दाखवली जाते, आणि यात्रेकरू तिथे जातात. म्हणून वाचकांनी सुरुवातीलाच मनाशी धरावे की या ग्रंथांत गावाचे नाव असणे हीदेखील एक बातमी असते. जिथे नाव दिले आहे, तिथे लिहिणाऱ्याला ते द्यावेसे वाटले आहे.

आता तिश्बेकडे वळतो. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात एलीया संदेष्टा अचानक समोर उभा राहतो. वंशावळ नाही, बालपण नाही, बापाचे नावही नाही. फक्त गाव. तो गिलादातला तिश्बी आहे, एवढे सांगून गोष्ट पुढे धावते. हे तिश्बे नक्की कुठे होते हे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही. यार्देनेच्या पूर्वेच्या डोंगरांत एक जागा परंपरेने दाखवतात. म्हणजे अग्निरथातून स्वर्गात गेलेल्या या संदेष्ट्याचे मूळ गाव हरवले आहे.

पण अलिबागजवळच्या खंडाळ्याला या, तिथे त्याच्या रथाची जागा आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू लोक, सांगतात की एलियाहू हन्नाबी स्वर्गात जाताना इथे टेकला, आणि कातळावरच्या खुणा त्याच्या घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या आहेत. त्याच्या नावाने मलिदा करतात. एका ताटात भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर आणि वेलची कालवून घेतात, भोवती फळे मांडतात, वर हिब्रू प्रार्थना म्हणतात, आणि मग प्रसाद वाटावा तसे ते सगळ्यांच्या हातावर पडते. लग्न ठरले, नवस फेडायचा आहे, घरातले कोणी लांबच्या प्रवासाला निघाले, की मलिदा होतो. तिश्बेच्या माणसाला पोह्यांचे ताट द्यावे हे कोकणातच सुचू शकते, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

या समाजाची आठवण अशी की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली. ते तेलाच्या घाण्यावर राबू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. येशूच्या अटकेची बाग गथशेमाने, आणि त्या हिब्रू-अरामी नावाचा अर्थही तेलाचा घाणाच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी इतिहासाने काही संबंध नाही. पण ज्याने घाण्याचा करकराट ऐकला आहे त्याला गथशेमाने हे नुसते नाव राहत नाही. पुढे बेने इस्राएल मंडळींनी कोकणातल्या गावांवरून आडनावे घेतली : पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, केहीमकर. विसाव्या शतकात यांतले बरेचजण इस्राएलला गेले. अब्राहामाने जिथे विहिरीसाठी शपथ वाहिली त्या बैर-शेबात आज मराठी बोलणारी घरे आहेत. तिथल्या एखाद्या पेणकरांना मूळ गाव विचारले तर काय उत्तर द्यावे, हा प्रश्न मला बूढापाऱ्यात बसून अगदी ओळखीचा वाटतो.

इथे थोडा नकाशा समोर घ्यायला हवा. ग्रंथात सबंध देश सांगायचा झाला की दानपासून बैर-शेबापर्यंत असे म्हणतात, जसे आपण काश्मीर ते कन्याकुमारी म्हणतो. हे अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे. रायपूरहून नागपूर याहून लांब पडते. एवढ्याशा पट्टीत किती चढउतार आहेत ते पाहा. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर, गालील सरोवर समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली, आणि मृत समुद्राचा काठ चारशे मीटरहून खाली. यरुशलेमेहून यरीहोला जाणारा माणूस पंचवीसेक किलोमीटरांत हजार मीटर उतरतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात तो 'खाली जात होता' हे शब्द सरळ रस्त्याचे वर्णन आहेत. घाट उतरलेल्या मराठी माणसाला ते चटकन समजेल. छत्तीसगडच्या सपाट भातखाचरांत वाढलेल्या मला ते समजायला वेळ लागला.

अंतरे लहान असल्यामुळे गावे एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात आहेत, आणि गोष्टीही. याचे सर्वांत सुंदर उदाहरण मला मोरे टेकडीचे वाटते. (नाव मराठी आडनावासारखे असले तरी ते हिब्रू आहे.) नासरेथच्या दक्षिणेला, इज्रेलच्या मैदानाच्या कडेला ही पाचशे मीटरची टेकडी उभी आहे. तिच्या दक्षिण उतारावर शूनेम, उत्तर उतारावर नाईन. शास्त्रात शूनेमची गोष्ट आधी येते. तिथल्या एका बाईने अलीशा संदेष्ट्यासाठी गच्चीवर खोली बांधली होती, पलंग, मेज, खुर्ची आणि समई ठेवली होती. उशिरा झालेला तिचा मुलगा शेतात डोके धरून ओरडला आणि आईच्या मांडीवर दुपारी वारला. अलीशा आला आणि मूल उठले. नाईनची गोष्ट लूक सांगतो, आणि ती सबंध नव्या करारात फक्त त्याच्याकडेच आहे. गावाच्या वेशीतून एक तिरडी बाहेर पडते आहे, विधवेचा एकुलता एक मुलगा आहे, आणि समोरून येशू येतो. मुलगा उठून बसतो, बोलू लागतो, आणि लोक म्हणू लागतात की आपल्यात मोठा संदेष्टा उभा राहिला आहे.

संदेष्टाच का म्हणाले? टेकडीच्या पलीकडे काय घडले होते ते नाईनच्या पोराटोरांनाही ठाऊक असणार. शूनेम तिथून चालत तासाभराच्या वाटेवर. आपल्याकडे शेजारच्या गावात एखाद्या संताने काही केले असेल तर पंचक्रोशी ते विसरत नाही. लूकने नाईनचे नाव लिहिले तेव्हा ज्यांना तो मुलूख माहीत होता त्यांच्यासाठी एकाच शब्दात जुनी गोष्ट जागी झाली असेल. मुलाला त्याने त्याच्या आईच्या हवाली केले, हे लूकचे शब्दही राजांच्या पुस्तकातून, सारफथच्या विधवेच्या गोष्टीतून आलेले आहेत. सारफथ म्हणजे सिदोनाजवळचे ते गाव, जिथे दुष्काळात मूठभर पीठ आणि थोडे तेल संपले नाही. तिथला मुलगा एलीयाने उठवला होता. म्हणजे एका नाईनच्या वेशीत सारफथ आणि शूनेम दोन्ही येऊन उभी राहतात.

याच टेकडीच्या परिसरात एन-दोर आहे. पलिष्ट्यांचे सैन्य शूनेमला उतरले होते, शौल राजा समोर गिलबोवाच्या डोंगरावर होता, आणि रात्री वेश पालटून तो एन-दोरच्या मृतात्म्यांना बोलावणाऱ्या बाईकडे गेला. नुसती गोष्ट वाचली तर हे घाबरलेल्या राजाचे एक काम वाटते. नकाशा पाहिला की कळते, एन-दोर टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आहे. शत्रूच्या छावणीला वळसा घालून राजा अंधारात तिथवर गेला आणि उजाडायच्या आत परतला. राजा भ्याला होता हे लिहिणारा सांगतो, पण या वाटेचा धोका त्याने एका शब्दानेही वर्णिलेला नाही. दोन गावांची नावे दिली आणि तो पुढे गेला.

नावांचे थोडे व्याकरणही वाचकांनी पदरात बांधून घ्यावे, फार अवघड नाही. आपल्याकडे पूर, वाडी, खुर्द, बुद्रुक कळले की निम्मे गाव कळते. छत्तीसगडात पारा म्हटले की वस्ती. तसेच बेथ म्हणजे घर, एन म्हणजे झरा, बैर म्हणजे विहीर, किर्याथ म्हणजे नगर, गिबा म्हणजे टेकडी, रामा म्हणजे उंचवटा, कफर म्हणजे खेडे. मग बेथलेहेम भाकरीचे घर होते, बेथफगे कच्च्या अंजिरांचे, एन-गेदी करडांचा झरा, आणि कफर्णहूम नहूमचे खेडे. रामा आणि गिबा नावांची अनेक गावे का सापडतात हेही मग आपोआप कळते. आपल्याकडे तरी पिंपळगावे काय कमी आहेत?

ही गावे आज कुठे आहेत हे कसे ठरवतात, असा प्रश्न तुमच्या मनात एव्हाना आला असेल. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने पवित्र शास्त्रातल्या स्थळनामांचा कोश केला. त्यात हजाराच्या आसपास नोंदी आहेत, आणि पुढे जेरोमने तो लॅटिनमध्ये नेला. सहाव्या शतकात आजच्या जॉर्डनमधल्या मादाबा गावच्या चर्चच्या फरशीवर कोणी अनामिक कारागिरांनी रंगीत दगडी तुकड्यांचा नकाशा जडवला. त्यात यार्देन नदी मृत समुद्राला मिळते तिथे एक मासा तोंड फिरवून प्रवाहाविरुद्ध परत निघालेला दाखवला आहे, कारण पुढे खारट पाण्यात त्याचे मरण आहे. कितीही घाई असली तरी या माशापाशी मी थांबतोच. ज्याने तो जडवला त्याने ते पाणी चाखलेले होते.

आधुनिक शोध सुरू झाला तो १८३८ साली. एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकी अभ्यासक आणि अरबी उत्तम जाणणारा एली स्मिथ यांनी उंट-घोड्यांवरून तो मुलूख पालथा घातला. मठांतल्या साधूंनी दाखवलेल्या जागांवर त्यांनी फारसा भरवसा ठेवला नाही. शेतकऱ्यांना आणि मेंढपाळांना ते गावाचे नाव विचारत गेले. अनाता हे नाव ऐकले आणि अनाथोथ सापडले. सैलूनमध्ये शिलोह, बैतीनमध्ये बेथेल, मुखमासमध्ये मिखमाश. राज्ये बदलली, धर्म बदलले, भाषा बदलली, पण शेतकऱ्याच्या तोंडी गावाचे नाव थोडे झिजून तसेच राहिले होते. बूढा तलावाच्या काठावर राहणाऱ्याला यात नवल वाटत नाही, आनंद मात्र होतो.

रॉबिन्सनने एल-जिब या खेड्यात गिबोन ओळखले. ते बरोबर होते की नाही याचा निकाल लागायला सव्वाशेच्या आसपास वर्षे गेली. १९५६ पासून जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे उत्खनन केले, आणि मद्याच्या मडक्यांच्या कानांवर जुन्या हिब्रू अक्षरांत गावाचे नावच कोरलेले सापडले : गिबोन. तिथेच कातळात खोदलेली एक प्रचंड गोल विहीर मातीखालून वर आली. व्यास अकरा मीटरहून जास्त, कडेने गोल फिरत उतरणाऱ्या ७९ पायऱ्या, आणि तळाशी पाण्यापर्यंत नेणारे भुयार, जमिनीखाली सुमारे चोवीस मीटरवर. मराठवाड्यातल्या वाचकाने याला बेधडक बारव म्हणावे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दाविदाचा सेनापती यवाब आणि शौलाच्या घराण्याचा सेनापती अबनेर गिबोनच्या तळ्यापाशी भेटतात. एकाची माणसे तळ्याच्या या बाजूला बसतात, दुसऱ्याची त्या बाजूला. मग दोन्हीकडून बारा-बारा जवान उठतात, एकमेकांचे डोके धरून एकमेकांच्या कुशीत तलवार खुपसतात, आणि चोवीसही जण पडतात. ते तळे हेच, असे अनेकांना वाटते. पायऱ्यांच्या कठड्यावर हात ठेवून पलीकडच्या माणसाचा चेहरा ओळखता येईल इतकीच ती रुंदी आहे. माझ्या मते ही गोष्ट समजायला त्या मापाची मदत मोठ्या भाष्याहून जास्त होते.

सगळीकडे असा मडक्याचा कान सापडत नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य ज्या अम्माऊसच्या वाटेने चालले होते, ते गाव यरुशलेमेपासून साठ स्टेडियम, म्हणजे अकराएक किलोमीटर, असे बहुतेक हस्तलिखिते सांगतात. काही जुनी हस्तलिखिते एकशेसाठ सांगतात. त्यामुळे निदान चार गावे आज अम्माऊस असल्याचा दावा करतात. यहोशवाच्या पुस्तकातल्या अय नगराची अडचण वेगळ्या जातीची आहे. एत-तेल नावाच्या ज्या टेकाडाशी ते जोडले गेले, तिथे १९३३ ते १९३५ या काळात ज्युडिथ मार्के-क्राउझ यांनी खोदले, तेव्हा कथेच्या काळाच्या आधीच शेकडो वर्षे ते नगर ओसाड पडलेले निघाले. अय या शब्दाचा अर्थच भग्नावशेष असा होतो. यावर बरीच विद्वत्ता खर्ची पडली आहे. वाचकांनी अशा ठिकाणी ग्रंथाचे गाव, परंपरेचे गाव आणि कुदळीचे गाव ही तीन वेगळी धरून चालावे. तिघे एकत्र आले तर उत्तमच. नाही आले तरी प्रत्येकाचे म्हणणे ऐकण्यासारखे असते.

आपल्या अंगणातली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण तिच्याबद्दल उत्साहाने फार बोलले जाते. शलमोन राजाची जहाजे ओफीरहून सोने आणत. तेल कासीले इथे सापडलेल्या एका खापरावर ओफीरच्या सोन्याचा तीस शेकेल असा हिशेबही आहे, म्हणजे ओफीर ही केवळ दंतकथा नव्हती. हे ओफीर म्हणजे आपले सोपारा, असे मत पुष्कळ दिवस चालत आले आहे. ग्रीक भाषांतरात नाव सोफीर असे येते, योसेफस हा इतिहासकार ओफीर भारतात असल्याचे सांगतो, आणि शलमोनाच्या जहाजांतून येणाऱ्या मोरांसाठी जो हिब्रू शब्द आहे तो तमिळ 'तोकै'शी जुळतो असे अनेकांनी दाखवले आहे. हे सगळे मोहात पाडणारे आहे. पण सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला, हा पुरावा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या अलीकडचा आहे. शलमोन त्याच्या सहा-सातशे वर्षे आधीचा. अरबस्तान आणि आफ्रिकेचा किनारा यांचाही ओफीरवर दावा आहे. नावांच्या सारखेपणावर एवढी उडी मारणे मला पटत नाही. सोपाऱ्याला मोठेपणासाठी ओफीरची गरजही नाही.

भारताचा निर्विवाद उल्लेख हवा असेल तर एस्तेरचे पुस्तक उघडा. पहिल्याच वचनात अहश्वेरोश राजाचे १२७ प्रांत मोजताना त्यांची एक सीमा होद्दू म्हणून दिली आहे. होद्दू म्हणजे हिंद, सिंधूचा प्रदेश. सबंध हिब्रू शास्त्रात आपला देश येतो तो याच पुस्तकात. साम्राज्याच्या अगदी टोकाला. त्यांच्या दृष्टीने आडगाव आपणच होतो.

आता कसे वाचावे याविषयी थोडे. सगळे लेख ओळीने वाचायची गरज नाही. कोणतेही एक गाव निवडा, त्याची गोष्ट पवित्र शास्त्रातून आधी मोठ्याने वाचा, रमाबाईंच्या भाषांतरातून वाचलीत तर त्या साध्या मराठीचा वेगळा आनंद मिळेल. मग नकाशावर बोट ठेवा, आणि शेजारी कोणती गावे आहेत ते पाहा. पाणी कुठून येत होते हे प्रत्येक वेळी विचारा. दगड कोणता ते विचारा. कफर्णहूमच्या वरच्या अंगाला खोराजीन आहे. येशूने त्या गावाला दोष दिला, तिथे अद्भुत कामे झाल्याचेही म्हटले, पण त्यांतले एकही काम शुभवर्तमानांत सांगितलेले नाही. आज तिथे काळ्या पाषाणाचे अवशेष आहेत. हा पाषाण ज्वालामुखीचा, आपल्या सह्याद्रीच्या दगडासारखाच, आणि हेमाडपंती देवळे पाहिलेल्या डोळ्यांना त्या भिंती पाहताच घरच्या वाटतात. विश्वासाने वाचणाऱ्यांनी, केवळ साहित्य म्हणून वाचणाऱ्यांनी, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी, सगळ्यांनी यावे. इथे कोणाला त्याचा धर्म विचारलेला नाही.

सुरुवात कुठून करावी असे मला कोणी विचारले तर मी किर्याथ-सेफेर सांगतो. अर्थ धरला तर पुस्तकाचे नगर, आणि त्याची गोष्ट जेमतेम चार वचनांची आहे. कालेबची मुलगी अखसा हिचे लग्न ते नगर जिंकणाऱ्या अथनिएलशी झाले. बापाने आंदण म्हणून जमीन दिली, पण ती दक्षिणेच्या कोरड्या मुलखातली. सासरी निघालेली अखसा बापाकडे आली, गाढवावरून खाली उतरली, आणि त्याने काय हवे विचारताच स्पष्ट बोलली : कोरडी जमीन दिलीत, आता पाण्याचे झरेही द्या. कालेबाने तिला वरचे झरे दिले आणि खालचेही दिले. हे नगर कोणते यावर बराच काळ वाद होता. १९६८-६९ मध्ये मोशे कोखावी यांनी हेब्रोनच्या दक्षिणेला खिर्बेत रबूद इथे खोदले, आणि आता बहुतेक अभ्यासक तीच जागा मानतात. त्या टेकाडावर झरा नाही. पण उत्तरेला थोड्या अंतरावर, ओढ्याच्या काठी, दोन जुन्या विहिरी आहेत. तिथले लोक अरबीत एकीला वरची म्हणतात आणि दुसरीला खालची.

बूढापारा, रायपूर